लोकोचे दिवे लागतात पण डीसीसीवर गाडी जागची हलत नाही, प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्हीपण वाचता येत नाही

रूळवेडा

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले याच्यामागे लागलोय, आता तुम्हालाच विचारतो. मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं डिझेल इंजिन आहे, मूळचं डीसीचं (रुळातल्या व्होल्टेजवर वेग ठरतो ते), बरीच वर्षं साध्या कंट्रोलरवर छान पळत होतं. आत आठ पिनांचं सॉकेट आहे, त्यात डमी प्लग होता. आता लेआउट हळूहळू डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) नेतोय म्हणून तो डमी प्लग काढून त्या जागी आठ पिनांचा डीकोडर, म्हणजे तो हुकूम समजून मोटार आणि दिवे चालवणारा छोटा बोर्ड, बसवला. डीकोडर कोरा, पाकिटातून पहिल्यांदाच काढलेला.

रुळावर ठेवलं, ॲड्रेस (इंजिनाचा नंबर) ३ घेतला, एफ० (दिव्याचं बटण) दाबलं, पुढचा दिवा लागला. दिशा बदलली तर पुढचा विझून मागचा लागला. मी खूश. मग थ्रॉटल वाढवला तर काही नाही. शेवटपर्यंत वाढवला तरी काही नाही, मोटारचा आवाज नाही, थरथर नाही, एकदम शांत. दिवे मात्र अजूनही सगळं ऐकतायत.

मग प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरच्या सेटिंगसाठीचा वेगळा रूळ) नेलं, म्हटलं सीव्ही (डीकोडरमधले सेटिंगचे आकडे) वाचून बघू. कुठलाही सीव्ही वाचायला गेलो की कमांड स्टेशन (रुळात हुकूम पाठवणारा डबा) म्हणतं डीकोडरकडून उत्तर नाही. सीव्ही १ नाही, सीव्ही ८ नाही, सीव्ही २९ नाही. म्हणजे आता मला कळत नाहीये की हा एक बिघाड आहे का दोन आहेत.

काय काय केलं ते सांगतो. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. सीव्ही ८ मध्ये ८ लिहून डीकोडर रीसेट केला, तीन चार वेळा केला. त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं तर ते व्यवस्थित चालतं, आणि त्याचे सीव्हीपण वाचता येतात. आता डीकोडरच खराब निघाला असं समजून परत पाठवू का? हे इंजिन माझ्याकडचं सगळ्यात जुनं आहे आणि डीसीसीवर पहिलं हेच न्यायचं असं ठरवलं होतं, म्हणून जरा जास्तच जीव अडकलाय.

पॉइंट्समन

दादा ॲड्रेस बदलून बघितला का? कधी कधी डीकोडर ३ वर नसतोच, आधी कोणी वापरलेला असला तर चार आकडी ॲड्रेस असतो. शिवाय चाकं परत एकदा बघा, माझ्या नव्वद टक्के तक्रारी चाकांच्या मळानेच सुटल्यात.

मालडबा

ॲड्रेस चुकीचा असता तर दिवे लागले नसते ना. रूळवेडा दादांनी दिलेल्या माहितीत सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, दिवे ऐकतात. दिवे ऐकतात म्हणजे रुळातून करंट चाकात येतोय, चाकातून डीकोडरपर्यंत पोचतोय, सिग्नल शाबूत आहे, ॲड्रेस बरोबर आहे आणि दिशा बदलल्यावर दिवा बदलतो म्हणजे डीकोडरला वेगाचा आणि दिशेचा हुकूमपण समजतोय. अर्धा रस्ता इथेच तपासून झाला, त्यामुळे चाकं पुसायला परत जाऊ नका, तिथे काही मिळणार नाही. मळ असता तर दिवेपण लुकलुकले असते.

आता दिवे चालतात आणि मोटार चालत नाही याचं एक ठरलेलं कारण म्हणजे सीव्ही १९. त्यात कन्सिस्टचा ॲड्रेस असतो, म्हणजे दोन इंजिनं जोडून चालवायची असली की दोघांना एक सामाईक नंबर देतात तो. सीव्ही १९ मध्ये शून्य सोडून काहीही असलं की डीकोडर वेगाचा हुकूम फक्त त्या सामाईक नंबरवरूनच घेतो, स्वतःच्या ॲड्रेसवर दिलेला वेग चक्क सोडून देतो, पण दिवे आणि बाकीची फंक्शन्स बहुतेक वेळा जुन्या ॲड्रेसवरच चालू राहतात. लक्षणं बरीचशी तुमच्यासारखी. वाचता येत नसलं तरी काही अडत नाही, मेन ट्रॅकवर ठेवून ऑप्स मोडमध्ये (नेहमीच्या रुळावर ॲड्रेस देऊन लिहायची पद्धत) सीव्ही १९ ला ० लिहा, त्याला उत्तर लागत नाही.

अजून एक, सीव्ही ३ म्हणजे वेग वाढण्याचा उशीर. तिथे चुकून २५५ गेलं असेल तर शून्यापासून पूर्ण वेगाला पोचायला जवळजवळ पावणेचार मिनिटं लागतात आणि माणसाला वाटतं गाडी मेली. थ्रॉटल वर करून किती वेळ थांबलात?

रूळवेडा

मालडबा दादा, सीव्ही १९ ला ० लिहिलं, सीव्ही ३ लापण ० लिहिलं, ऑप्स मोडमध्येच. फरक नाही. थ्रॉटल पूर्ण वर ठेवून पाच मिनिटं घड्याळ लावून बसलो, हललं नाही. दिवे तसेच चालू. आणि कोरा डीकोडर होता, वर मी रीसेटपण केला होता, म्हणजे सीव्ही १९ तसाही शून्यच असणार असं आता वाटतंय.

पॉइंट्समन

एक विचारायचं राहिलं, डमी प्लग काढायच्या आधी इंजिन चुकून डीसीसी रुळावर ठेवलं होतं का? मोटार जळली असेल तर?

रूळवेडा

ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला डमी प्लग असतानाच ठेवलं, मोटारमधून घूंऽऽ असा आवाज आला, घाबरून दोन तीन सेकंदात उचललं. त्याने मोटार गेली असेल का?

सोल्डरताई

दोन तीन सेकंदांनी साधी लोखंडी गाभ्याची मोटार जात नाही, काळजी करू नका. डमी प्लग असताना रुळ सरळ मोटारला जोडलेले असतात आणि डीसीसीचा करंट सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो, मोटारला कुठल्याच दिशेला फिरता येत नाही, नुसती थरथरते, तोच तो घूं आवाज. तशी ठेवून दिली की तापते आणि मग जळते. कोअरलेस (बिनगाभ्याची) मोटार मात्र फार लवकर जाते, त्यांचं काही सेकंदांचंसुद्धा धाडस करू नये. तुमचं इंजिन जुनं आहे म्हणजे बहुतेक साधीच मोटार असणार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, एक बिघाड का दोन. माझ्या मते एकच, आणि तुम्ही ज्याला दुसरा बिघाड म्हणताय तो खरं तर पहिल्याचा पत्ता सांगतोय.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डीकोडर उत्तर कसं देतो ते बघा. त्याच्याकडे परत बोलायला वेगळी तार नसते. कमांड स्टेशन विचारतं, सीव्ही ८ मधला अमुक बिट १ आहे का? असेल तर डीकोडर काही क्षण जास्त करंट ओढतो, निदान ६० मिलिॲम्पिअर, साधारण ६ मिलिसेकंद. कमांड स्टेशन तो करंटचा उसळलेला ठोका बघतं आणि समजतं की होय म्हणाला. आणि हा जास्तीचा करंट ओढायला डीकोडर काय वापरतो? मोटार. म्हणूनच सीव्ही वाचताना इंजिन बारीक बारीक गचके देतं, तुमच्या दुसऱ्या इंजिनाकडे नीट बघा, दिसेल. आता मोटारच डीकोडरला जोडलेली नसेल तर ठोका देणार कशातून? एलईडीचे दिवे तर मोजके मिलिॲम्पिअर खातात, त्यांनी ६० चा ठोका होत नाही. म्हणजे डीकोडर प्रश्न ऐकतोय, त्याला उत्तरही माहिती आहे, पण त्याला तोंड नाहीये.

मोटार चालत नाही आणि सीव्ही वाचता येत नाही, पण दिवे चालतात, हे तीनही एकत्र आलं की बोट एकाच जागेकडे जातं, डीकोडरचं मोटार आउटपुट ते मोटारचे टर्मिनल एवढ्या टप्प्यात कुठेतरी तुटलंय. तो टप्पा लहान आहे. डीकोडरच्या आतलं मोटार चालवणारं सर्किट, मग नारिंगी आणि करडी तार, मग प्लगची पिन १ आणि पिन ५, मग सॉकेट, मग बोर्डवरचा ट्रॅक, मग मोटारच्या तारा आणि ब्रश (मोटारच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे). सीव्ही ८ ला ८ लिहिणं बंद करा आता, तुटलेली तार रीसेटने जुळत नाही.

सगळ्यात आधी हे करा. डीकोडर काढा, डमी प्लग परत घाला, डीसीसी बंद करून साध्या डीसी कंट्रोलरवर इंजिन चालवून बघा. चाललं तर मोटार, ब्रश, मोटारच्या तारा आणि सॉकेट सगळेच एका झटक्यात निर्दोष सुटतात. नाही चाललं तर डीकोडर बहुतेक निर्दोष आणि शोध इंजिनात. आणि डीकोडर काढताना तारांना धरून ओढू नका, प्लगच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं उचला.

मालडबा

ताई, भारी समजावलंत, मी एवढी वर्षं सीव्ही वाचताना गचके बघतोय पण ते गचके म्हणजेच उत्तर हे डोक्यात आलं नव्हतं.

यावरून एक भर घालतो. काही जण कीप-अलाइव्ह कपॅसिटर जोडतात, म्हणजे मळक्या रुळावर गाडी थांबू नये म्हणून डीकोडरला मागे साठा. तो मोठा असला की तोही प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर घोळ घालतो, कपॅसिटर चार्ज होताना करंट ओढतो आणि कमांड स्टेशनला तो ठोका का चार्जिंग ते कळत नाही. इथे तो नाहीये, पण कोणी शोधत इकडे आलं तर लक्षात असू दे.

सिग्नल_हिरवा

मधेच घुसतो, माफ करा, पण माझं अगदी उलट आहे. माझं इंजिन हलत नाही असं नाही, पॉवर चालू केली की थ्रॉटल शून्यावर असतानाच सुसाट सुटतं. एकदा तर टेबलच्या टोकाला जाऊन पडता पडता वाचलं. नेहमी नाही होत, चार पाच वेळातून एकदा होतं.

मालडबा

सिग्नल_हिरवा, सीव्ही २९ वाचा. त्यातला ४ किमतीचा बिट चालू असला की डीकोडर डीसीवरपण चालायला तयार असतो. पॉवर सुरू होताना त्याला डीसीसीचा सिग्नल स्वच्छ मिळाला नाही तर तो समजतो की आपण डीसी रुळावर आहोत, आणि रुळावर पूर्ण व्होल्टेज आहेच, मग पूर्ण वेगाने सुटतो. डीसी लेआउटवर चालवायची गरज नसेल तर तो बिट बंद करा. सीव्ही २९ मध्ये ६ असेल तर २ लिहा, लांब ॲड्रेस वापरत असाल आणि ३८ असेल तर ३४ लिहा. कुठलाही आकडा असो, त्यातून ४ वजा करायचे, पण आधी तो बिट चालू आहे याची खात्री करा, नाहीतर वजा करून दुसरंच काहीतरी बंद कराल.

सिग्नल_हिरवा

३८ होतं. ३४ केलं. पंधरा वेळा पॉवर बंद चालू केली, एकदाही सुटलं नाही. खूप आभार दादा, माझ्या मुलीने गाडीला हात लावायचं सोडलं होतं त्या भीतीने.

रूळवेडा

ताई, डमी प्लग घालून डीसीवर चालवलं. पहिल्या झटक्यात चाललं! दोन्ही दिशांना, हळू वेगातसुद्धा. म्हणजे मोटार ठीक, सॉकेट ठीक. मला रडायलाच येत होतं, वाटलं होतं की मीच ती जाळली.

मग परत डीकोडर लावला, डीसीसी चालू केली, पुन्हा तेच. दिवे चालू, मोटार गप्प. म्हणजे आता डीकोडरच खराब ना? परत पाठवून देतो.

सोल्डरताई

थांबा, अजून पाठवू नका. डीकोडर आणि प्लग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही डीकोडर म्हणताना दोन्ही एकत्र धरताय. मल्टीमीटर आहे का? असेल तर हे दोन मापं घ्या.

इंजिन डीसीसी रुळावर, डीकोडर लावलेला, वरचं कव्हर काढलेलं. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर. थ्रॉटल अर्ध्यावर. पहिलं माप मोटारच्या दोन टर्मिनलवर घ्या. दुसरं माप प्लगच्या वरच्या बाजूला, जिथे नारिंगी आणि करडी तार प्लगला सोल्डर केलेली आहे त्या दोन ठिपक्यांवर घ्या. प्रोबची टोकं बारीक असू द्या आणि हात स्थिर ठेवा, शेजारच्या ठिपक्याला टोक लागून शॉर्ट झालं तर चांगला डीकोडर खरंच मरेल. लाल आणि काळ्या तारेच्या ठिपक्यांपासून तर लांबच राहा, त्यांच्यावर रुळाचं पूर्ण व्होल्टेज असतं. हात थरथरत असेल तर करू नका, त्यापेक्षा मी दुसरी युक्ती सांगते.

डीकोडर मोटारला सतत व्होल्टेज देत नाही, झपाझप चालू बंद करून देतो, त्यामुळे मीटरवर येईल तो सरासरी आकडा असेल. अचूक आकड्याची गरज नाही, आहे का नाही एवढंच बघायचंय.

पॉइंट्समन

ताई दुसरी युक्ती पण सांगून ठेवा, माझे हात थरथरतात.

सोल्डरताई

१२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्यायचा, डीकोडर इंजिनातून काढायचा, लाल आणि काळी तार रुळाला जोडायची आणि नारिंगी व करड्याच्या मध्ये तो बल्ब लावायचा. थ्रॉटल वाढवलं की बल्ब उजळत गेला पाहिजे. एलईडी नको, तारेचा बल्ब. मोटारच्या जागी बल्ब, एवढंच. मी तर आता प्रत्येक नवा डीकोडर इंजिनात घालायच्या आधी असाच बघते, दहा मिनिटं जातात पण नंतरचे चार दिवस वाचतात. आणि सगळं जोडून झालं की पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच ठेवते, मेनवर नाही. तिथे करंट २५० मिलिॲम्पिअरच्या आसपास अडवलेला असतो, काही उलटं जोडलं गेलं असलं तर डीकोडर जळायच्या आधी कळतं.

रूळवेडा

मापं घेतली. मोटारच्या टर्मिनलवर ०. प्लगच्या वर नारिंगी आणि करडीच्या मध्ये ११ च्या वर. थ्रॉटल अर्ध्यावरच होता तरी एवढं, हे मला विचित्र वाटलं. दोनदा घेतलं माप, तेच.

सोल्डरताई

हे उत्तर आलं तुमचं! डीकोडर मोटारला वीज देतोय, पूर्ण देतोय. ती प्लगच्या माथ्यापर्यंत येतेय आणि मोटारपर्यंत पोचत नाहीये. सॉकेटपासून मोटारपर्यंतचा रस्ता तुम्ही डमी प्लगने तपासलात, तो चांगला आहे. मग मध्ये उरलं काय? पिन. पिन १ किंवा पिन ५.

अर्ध्या थ्रॉटलला ११ का, तर बऱ्याच डीकोडरमध्ये बॅक-ईएमएफ असतं. डीकोडर मोटारला वीज द्यायची मधेच क्षणभर थांबवतो आणि फिरणारी मोटार उलट किती व्होल्टेज देतेय ते मोजतो, त्यावरून तिचा खरा वेग कळतो. इथे मोटार जोडलेलीच नाही, उलट व्होल्टेज काहीच येत नाही, डीकोडरला वाटतं मोटार अडकलीय आणि तो जोर लावत लावत टोकाला जातो. त्यामुळे तो आकडा विचित्र नाही, उलट तुटलेल्या रस्त्याचीच खूण आहे.

डीकोडर काढा, प्लग उलटा करा, उजेडात भिंगाखाली धरा आणि पिना मोजा.

रूळवेडा

सात!!!

सात पिना आहेत उभ्या. आठवी, नारिंगी तारेची, प्लगच्या पोटाला चिकटून आडवी झोपलीय. मी प्लग दाबताना ती सॉकेटच्या भोकात न जाता दुमडली असणार आणि वरून बघून काहीच कळत नव्हतं कारण बाकीच्या सात बरोबर बसल्या होत्या आणि प्लगही जवळजवळ सपाट बसला होता. काळा प्लग, बारीक पिना, मी चार दिवसांत दहा वेळा तरी तो काढला आणि घातला असेल पण दरवेळी बघितलं वरच्या तारांकडे, खाली बघितलंच नाही. डमी प्लगच्या पिना जाड आहेत म्हणून तो व्यवस्थित जात होता.

आता ती सरळ कशी करू? हात लावायची भीती वाटतेय.

सोल्डरताई

आधी नीट बघा, दुमडलेली पिन शेजारच्या पिनला टेकलीय का. पिन १ च्या शेजारी पिन २ आहे, पिवळी तार, मागचा दिवा. टेकली असती तर मोटारचं आउटपुट आणि दिव्याचं आउटपुट एकमेकांना भिडले असते आणि त्यात डीकोडर जाऊ शकतो. तुमचा मागचा दिवा नीट चालत होता म्हणजे बहुतेक टेकली नसावी, पण डोळ्यांनी खात्री करा.

सरळ करायला बारीक टोकाचा सपाट चिमटा घ्या. पिनचं मूळ, म्हणजे जिथे ती प्लगमधून निघते तिथे, नखाने किंवा दुसऱ्या चिमट्याने आधार द्या. मग टोकाकडून नाही तर मध्यापासून सावकाश उचला, एकाच दिशेने, एकाच वेळी पूर्ण उभी. मागे पुढे मागे पुढे अजिबात करू नका, हा धातू दोन तीन वाकवण्यांत मोडतो. उभी झाली की बाकीच्या सातांच्या रांगेत आहे का ते बाजूने आणि समोरून बघा. मग सॉकेटवर ठेवून आधी आठही पिना आपापल्या भोकांच्या तोंडाशी आल्यात हे बघा आणि मगच दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. हलवत हलवत नाही, त्यानेच त्या दुमडतात.

मोडलीच तर घाबरू नका, प्लग कापून टाकायचा आणि आठही तारा सॉकेटच्या बोर्डवर सोल्डर करायच्या, इंजिन तेवढंच छान चालतं.

मालडबा

आणि दादा, पिन १ ची खूण बघून ठेवा, सॉकेटच्या बोर्डवर १ आकडा किंवा त्रिकोण किंवा ठिपका असतो, नारिंगी तार तिकडे. आठ पिनांचा प्लग उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही, तशी मांडणीच केलीय त्याची, दिवे बंद पडतात आणि गाडी उलट दिशेला जाते. पण दुसऱ्या जातीच्या सॉकेटवर हाच भरवसा ठेवू नका.

रूळवेडा

चाललंऽऽऽ!

पिन एकाच प्रयत्नात उभी राहिली. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवलं, सीव्ही ८ वाचायला सांगितलं आणि इंजिन बारीक बारीक गचके द्यायला लागलं, ताई तुम्ही म्हणालात तस्से, आणि आकडा आला. मग मेनवर. पूर्ण फेरी मारली, मग दहा डबे लावून मारली. मुलांनी शेजारच्या खोलीतून ओरडून विचारलं काय झालं, एवढ्या जोरात ओरडलो होतो मी.

दोन गोष्टी अजून आहेत. एक, सीव्ही ३ मी शून्य केला होता त्यामुळे आता ते धक्क्याने सुटतं, तो परत वाढवतो, किती ठेवू? दोन, एकदम हळू वेगात, पहिल्या चार पाच स्टेप्सला, गाडी अडखळते. डीसीवर अशी अडखळत नव्हती.

मालडबा

सीव्ही ३ ला १० पासून सुरू करा, सीव्ही ४ ला (वेग कमी होण्याचा उशीर) त्याहून थोडं कमी ठेवा नाहीतर फलाटावर थांबवायला अंदाज चुकतो. मालगाडी ओढायची असेल तर दोन्ही वाढवा. हे आवडीवर आहे. पण हे लिहायच्या आधी, त्या ३ व १९ च्या आमच्या चाचण्यांमध्ये जे लिहिलंत ते सोडून बाकी काही बदललं नसेल तर आता एकदा शेवटचा रीसेट करून पाटी कोरी करून घ्या, या वेळेस तो उपयोगाचा आहे. मग इंजिनाच्या क्रमांकाचा लांब ॲड्रेस द्या, ३ वर सगळीच कोरी इंजिनं येतात, पुढचं इंजिन आणलंत की दोन्ही एकदम चालू होतील.

ॲड्रेस देताना एकच सांभाळा. तुमच्या कमांड स्टेशनचं प्रोग्रॅमिंग आउटपुट खरंच त्या वेगळ्या तुकड्यालाच जोडलेलं आहे ना, मेनपासून दोन्ही रूळ तोडलेले आहेत ना, ते बघा. मी एकदा फक्त एकच रूळ तोडून काम भागेल असं धरलं आणि यार्डात उभ्या असलेल्या सहा इंजिनांना एकच नंबर लिहून बसलो. सर्व्हिस मोडमध्ये (प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर लिहिताना) ॲड्रेस विचारला जात नाही, रुळावर जो कोणी असेल तो ऐकतो. पूर्ण संध्याकाळ गेली एकेकाला परत नंबर देण्यात.

सोल्डरताई

अडखळण्याचं सांगते. जुनं डीसीचं इंजिन आहे तर मोटारच्या दोन टर्मिनलांच्या मध्ये एक छोटा चपटा गोल कपॅसिटर सोल्डर केलेला असेल, किंवा सॉकेटच्या बोर्डवर. ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओ-टीव्हीला त्रास होऊ नये म्हणून तो लावत असत. डीसीवर त्याची काही अडचण नसते पण डीकोडरच्या झपाझप चालू बंद होणाऱ्या विजेच्या मध्ये तो येतो आणि मघाशी म्हटलं ते बॅक-ईएमएफचं मोजमाप बिघडवतो. हळू वेगातच त्रास होतो कारण तिथेच ते मोजमाप सगळ्यात जास्त लागतं. तो काढून बघा. एका बाजूचा पाय कापला तरी पुरे, फरक पडला नाही तर परत जोडता येतो. मोटारच्या तारेत गुंडाळलेल्या कॉईल असतील तर त्यांना सध्या हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने सुधारलं ते कळेल.

कपॅसिटर काढूनही थोडं उरलं तर डीकोडरच्या मॅन्युअलमध्ये मोटार कंट्रोलचे सीव्ही बघा, त्यांचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत त्यामुळे इथे आकडा देत नाही. काही डीकोडर स्वतःच मोटार मोजून ते ठरवतात, ती सोय असेल तर आधी तीच वापरा.

अजून एक, जुन्या मोटारी करंट जास्त खातात. डमी प्लग घालून १२ व्होल्ट डीसीवर इंजिन चालवा, मीटर ॲम्पिअरवर करून मालिकेत जोडा आणि गाडी वरून दाबून चाकं एक सेकंदभर अडवा. येईल तो आकडा तुमच्या डीकोडरच्या मर्यादेच्या आत हवा. खरं तर हे डीकोडर घ्यायच्या आधी करायचं असतं, पण आत्ता केलंत तरी चालेल, तोपर्यंत चढावर जास्त डबे लावू नका.

पॉइंट्समन

रूळवेडा दादा, तुमचं वाचून मीपण माझं एक पडून असलेलं इंजिन काढलं. दिवे लागतात, चालत नाही, सीव्ही वाचता येत नाहीत. वर्षभर कपाटात होतं, डीकोडर गेला म्हणून. माझ्या पिना आठही सरळ आहेत. पण ताईंनी सांगितलं तसं डमी प्लग घालून डीसीवर ठेवलं तर तिथेपण नाही चाललं, मग मोटार उघडली तर एका ब्रशची स्प्रिंग जागेवरून निसटलेली. सुईने बसवली, चाललं. मी चाकं पुसत बसलो होतो इतके दिवस.

सोल्डरताई

अरे वा. ब्रशच्या स्प्रिंगला तेलाचा हात लागू देऊ नका, आणि कम्युटेटरवर (ब्रश टेकतात तो फिरता भाग) काळं साचलं असेल तर कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून पुसून घ्या.

रूळवेडा

पॉइंट्समन दादा, अभिनंदन! माझा पण शेवटचा निरोप देतो. कपॅसिटर होता, ताई म्हणाल्या तसा, मोटारच्या डोक्यावरच, वाटाण्याच्या डाळीएवढा. एक पाय कापला. आता स्टेप १ ला गाडी अशी सरकते की चाकाकडे टक लावून बघावं लागतं हलतेय का ते. करंट मोजला, चाकं अडवून ०.७ आला, डीकोडर १ ॲम्पिअरचा आहे, म्हणजे बसलं. नंबर पण दिला, इंजिनाच्या अंगावर लिहिलेलाच, चार आकडी. प्लग सॉकेटमध्ये आहे तसाच ठेवलाय, आता तो मी काढत नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरं इंजिन घेतोय हाताशी, त्यात सॉकेटच नाहीये, तारा सोल्डर कराव्या लागतील. मोटारचा एक ब्रश थेट चेसिसला टेकलेला दिसतोय, तो वेगळा करावा लागेल असं वाचलंय. ताई, त्याचे फोटो वेगळ्या धाग्यात टाकतो, तुम्ही बघाल ना?

सोल्डरताई

टाका, नक्की बघते. चेसिसला टेकलेला ब्रश वेगळा केल्याशिवाय डीकोडर जोडू नका, तसाच जोडलात तर पहिल्या सेकंदाला जळेल. वेगळा केलात की मीटर कंटिन्युटीवर लावा, मोटारच्या दोन्ही टर्मिनलपासून चेसिस आणि चाकांपर्यंत कुठेही बीप यायला नको. ते झालं की फोटो टाका, मग पुढचं बघू.